बेंबीपासून तीन सेंटिमीटर डावीकडे

आमच्या हॉस्पिटलच्या सीटी स्कॅन विभागात एक टेक्निशियन आहेत, त्यांना सगळे सर्व्हेअर म्हणतात. हे नाव मी पाडलं, आधीच कबूल करते. तोंडावर मात्र मी त्यांना दादाच म्हणते. ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत, आणि एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला तेवढा मान द्यायला काय जातं? माझं काम सुई लावायचं. पेशंटच्या कोपरात शीर शोधायची, सुई बसवायची, औषधाची नळी जोडायची आणि काचेमागे पळायचं. माझं संपलं की सर्व्हेअरांचं सुरू होतं.

हे नाव पडलं एका कागदावरून. कॅन्सरमुळे बाईचा स्तन काढावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो पुन्हा बनवता येतो हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. इथे नोकरीला लागेपर्यंत मलाही नव्हतं. खालच्या पोटाची कातडी आणि चरबी काढतात आणि छातीवर बसवतात. पण नुसती चरबी उचलून लावली तर ती दोन दिवसांत मरणार, तिला रक्त नको का? म्हणून तिच्यासोबत तिची रक्तवाहिनीही घ्यायची आणि छातीतल्या वाहिनीला जोडायची. ही वाहिनी पोटाच्या स्नायूतून वाट काढत वर चरबीत येते. आमच्या खोलीत तिला आम्ही फांदी म्हणतो. कुणाची शिवणाच्या दोऱ्याएवढी, कुणाची बुटाच्या बारीक नाडीएवढी. कुठून वर येईल याचा काही नेम नाही. दर बाईची वेगळी, आणि एकाच बाईची डावी-उजवीसुद्धा वेगळी. ऑपरेशनच्या टेबलावर शोधत बसायचं म्हटलं तर तासन्‌तास जातात, आणि भलतीच फांदी धरली तर सगळ्यावर पाणी. म्हणून आधी आमच्याकडे पाठवतात.

सर्व्हेअर त्या फांद्या स्क्रीनवर बघतात, आणि मग ड्रॉवरमधून चौकटींचा कागद काढून पेन्सिलीने नकाशा काढतात. मधोमध बेंबी. तिच्यातून एक रेघ आडवी, एक उभी. मग एकेक फांदी मांडायची: बेंबीच्या किती खाली, किती डावीकडे, किती मिलिमीटर जाड, सरळ वर आली की आडवी पळून मग वर आली. सर्जन तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ऑपरेशनला घेऊन जातात.

हेच सगळं कॉम्प्युटर रंगीत छापून देतो, तेही अर्ध्या मिनिटात. मी एकदा विचारलं, "दादा, मग ही पेन्सिल कशाला घासताय?"

"हाताने काढलं की चुकलेलं दिसतं," ते म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

मला दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावायची खोड आहे. नवरा म्हणतो भोचकपणा, मी म्हणते चौकसपणा. या माणसाच्या पोटात काहीतरी दुःख दडलेलं असणार, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. कुणी बहीण गेली असेल, आई गेली असेल, त्याशिवाय परक्या बायकांच्या पोटाचे नकाशे कुणी एवढ्या जिवापाड काढेल का? एक दिवस ते चष्मा घरी विसरले आणि त्यांची बायको तो द्यायला आली. तिला बाकावर बसवलं, चहा दिला, आणि आडवळणाने विषय काढला.

ती हसत सुटली. "दुःख कसलं आलंय, सिस्टर? घरात एक फोटो लावायचा तर हे तीन दिवस भिंत मोजतात. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा जिना चढताना पायऱ्या मोजल्या आणि माझ्या वडिलांना सांगितलं, सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे. बाबा म्हणाले, ह्याच्याशी कर, हा कधी पडायचा नाही."

झालं, माझं सगळं रहस्य फुस्स झालं. चहाही वाया गेला.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नव्हती. शे-सव्वाशे नकाशे काढले असतील त्यांनी, पण एकाही बाईचं पुढे काय झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमचा विभाग तळमजल्यावर, ऑपरेशन चौथ्या मजल्यावर, आणि पेशंट आमच्या दारातून बाहेर पडला की संपलं. मी म्हटलं, एक फोन केला तर काय बिघडतं? तुम्हाला उत्सुकता नाही वाटत?

"वाटते ना," ते म्हणाले. "पण विचारलं आणि वाईट निघालं, तर पुढचा नकाशा काढताना हात थरथरेल."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर मग त्या व्हॅनवाल्या बाई आल्या.

चव्वेचाळीस वर्षांच्या, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या. डावा स्तन काढून दोन वर्षं झाली होती. नंतरच्या किरणांच्या उपचारांनी तिथली कातडी कडक झाली होती, त्यामुळे आत सिलिकॉनची पिशवी बसवायचा मार्ग सर्जननी आधीच बंद केला होता. राहिलं होतं फक्त पोट. पोटात चांगली फांदी मिळाली तर ऑपरेशन, नाही तर काही नाही, असं त्यांना सरळ सांगितलेलं. अठरा तारीख ठरली होती.

सुई लावताना बाई बडबडत होत्या, घाबरलेली माणसं बडबडतात तशा. स्वतःच्या हाताने शिवलेली कापडी उशी त्या आतून लावत. स्टिअरिंग जोरात वळवलं की ती सरकायची. एकदा पुढच्या सीटवरच्या पहिलीतल्या मुलीने बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, "काकू, तुमचं एक वर का गेलं?" सगळी व्हॅन बघायला लागली.

"तेव्हापासून सिग्नलला थांबले की आधी खाली बघते, मग सिग्नलकडे," बाई म्हणाल्या. "मागचे हॉर्न मारतात. मारू देत. पोटाचं म्हणाल तर माझ्याकडे भरपूर आहे, हवं तेवढं न्या म्हणावं."

मला त्या बाई आवडल्या, आणि तिथेच माझी चूक झाली.

आमचं स्कॅनचं टेबल अरुंद असतं आणि कमरेएवढं उंच जातं. ते सरकतं म्हणून प्रत्येक पेशंटला पोटावरून पट्टा बांधायचा, असा नियम आहे. फक्त या एका स्कॅनला नाही. या स्कॅनला पोट मोकळं हवं, पायजम्याची नाडीसुद्धा सैल, कारण ऑपरेशनच्या वेळी पोट जसं पडलेलं असेल तसंच ते इथे दिसायला हवं. टेबल वर गेलं आणि बाईंनी दोन्ही कडा घट्ट धरल्या. बोटं पांढरी पडली.

"सिस्टर, पट्टा बांधा. मी पट्टा लावल्याशिवाय व्हॅन सुरू करत नाही. पोरांनाही बांधते."

"ह्याला पट्टा नसतो," सर्व्हेअर दारातून म्हणाले.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "दादा, बाई थरथरतायत. हलल्या तर तुमचंच चित्र बिघडेल. माणूस आहे की पुठ्ठ्याचा खोका? सैल बांधते मी."

त्यांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाहेर थांबलेल्या सहा जणांकडे पाहिलं. "बरं. पण सैल," ते म्हणाले.

आता माझा हात. दिवसाला तीस पट्टे बांधणारा. सैल बांधायचं म्हणून मी वाकले खरी, पण हाताने सवयीने ओढला तो ओढलाच. बाई म्हणाल्या, "आता बरं वाटतंय." मीही खूश.

रक्तवाहिन्या चित्रात उजळून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध आत सोडलं. ते शिरलं की अंगभर गरम वाटतं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं, पण झालेली नसते. हे आधी सांगावं लागतं, नाही तर बायका शरमेने रडतात. आणि या स्कॅनची आणखी एक गंमत म्हणजे तो उलटा असतो. बाकी सगळे वरून खाली, हा जांघेतून वर, कारण या फांद्यांना रक्त खालून येतं. टेबल सरकलं, थांबलं. बाई उठल्या आणि "थँक्यू सिस्टर" म्हणून गेल्या.

दोन दिवसांनी मोठ्या मॅडमचा रिपोर्ट आला. आमची सगळी चित्रं त्या वाचतात. दोन्ही बाजूंच्या फांद्या फार बारीक, भरवशाची एकही नाही. सर्जननी बाईंना बोलावून समजावलं आणि अठरा तारीख रद्द केली. मी बाईंना जिन्यापाशी पाहिलं. पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, बराच वेळ, आणि पर्स रिकामीच होती. मला वाईट वाटलं. पण आपण काय करणार, असं म्हणून मी आत गेले.

ऑपरेशनच नाही म्हटल्यावर नकाशाची गरज उरली नव्हती. तरी सर्व्हेअर तो काढत बसले. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला तेव्हाही काढतच होते, खोडत होते, पुन्हा मोजत होते. मग उठले, टेबलापाशी गेले, आणि लटकणाऱ्या पट्ट्याला फूटपट्टी लावून उभे राहिले.

"सिस्टर," ते म्हणाले, "पट्टा किती ओढला होता?"

"सैलच बांधला होता."

"बेंबीच्या वर चरबीची जाडी एकतीस मिलिमीटर. खाली चार बोटांवर तीस. आणि मधे चौदा. पोटाला मधेच खड्डा पडलाय. खड्ड्याची रुंदी आठ सेंटिमीटर." त्यांनी पट्टा उचलून दाखवला. "हाही आठ."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, माझ्यावर ढकलू नका, तुम्हीच हो म्हणालात. बाईंनी मागितला म्हणून बांधला. आणखीही बरंच बोलले, त्यातलं काही आता आठवायचं नाही मला. ते ऐकून घेत होते.

"ढकलत नाहीये," शेवटी ते म्हणाले. "पट्ट्याखाली फांदी दबली असेल, रक्त भरलंच नसेल. किंवा तिथे खरंच काही नसेल. कुठलं खरं ते मला माहीत नाही, आणि ह्या चित्रावरून कुणालाच कळणार नाही. स्कॅन माझा होता. मी वर जाऊन सांगतो."

मी घास हातात धरून बसले. खरं सांगायचं तर ते गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मॅडमनासुद्धा तो खड्डा म्हणजे पोटाची वळी वाटली होती. बाईंचं ऑपरेशन झालं नसतं, त्या उशी शिवत राहिल्या असत्या, आणि आम्ही दोघं रोज चहा प्यायलो असतो.

वर काय झालं ते मला शिपायाकडून कळलं. सर्जन भडकले. एकोणीस वर्षांत हेच शिकलात का, असं चार माणसांत म्हणाले. सर्व्हेअरांनी चुकांच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं: पट्टा काढायला लावला नाही. कोणी बांधला, ते लिहिलंच नाही. मी ते पान दोनदा वाचलं.

पुन्हा स्कॅन करायला मॅडम लगेच तयार होईनात. पुन्हा औषध, पुन्हा किरण, आधी रक्ताची तपासणी, दहा दिवस तरी थांबा, आणि पेशंट तयार आहे का ते विचारा. विचारायला फोन मीच केला. तेवढं तरी मी करायलाच हवं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मागे मुलांचा गोंगाट चालला होता. "म्हणजे असेलच असं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. असेलच असं नाही."

"सिस्टर, त्या दिवशी घरी गेले आणि मनाला समजावलं. नवऱ्याला समजावलं, लेकीला समजावलं. आता पुन्हा जीव टांगणीला लावू? आणि पुन्हा नाहीच म्हणालात तर?"

मी म्हटलं, "ताई, आमचे टेक्निशियन तेव्हापासून नीट जेवत नाहीयेत." काय बोलून गेले ते माझं मलाच कळलं नाही.

त्या मग मुलांवर खेकसल्या, आणि मला म्हणाल्या, "कधी यायचं ते सांगा."

दुसऱ्या खेपेला टेबल वर गेलं तशी त्यांची बोटं पुन्हा पांढरी झाली. पट्टा मी आधीच काढून कपाटात टाकला होता. सर्व्हेअर माईकवर आले. एरवी ते माईकवर दोनच वाक्यं बोलतात, श्वास घ्या आणि सोडा. त्या दिवशी म्हणाले, "ताई, आता गाडी रिव्हर्समध्ये जाणार आहे. हळू. मागे कोणी नाही, मी बघतोय." बाई फसकन हसल्या आणि बोटं सुटली. मी काचेमागून त्यांच्या पोटाकडे बघत होते, जणू मलाच काही दिसणार होतं.

चित्रं आली. सर्व्हेअर स्क्रीनवर पोटाचा एकेक आडवा काप पुढे सरकवत गेले. उजवीकडे काही नाही. दोरे, तेही तुटके. डावीकडे वर काही नाही. मग त्यांचा हात थांबला. एक काप मागे, दोन पुढे. करड्या स्नायूतून एक पांढरा ठिपका वर आला होता, आणि पुढच्या कापात तो चरबीत शिरून पसरला होता, चांगला ठसठशीत.

"बेंबीच्या दोन सेंटिमीटर खाली," ते म्हणाले, "तीन डावीकडे. दोन पूर्णांक सहा मिलिमीटर. एकच आहे, पण सरळ आहे." आणि फूटपट्टी न घेताच पुढे म्हणाले, "पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध."

मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं. सर्व्हेअर सोमवारी नेहमीसारखे आले, पण कामात लक्ष नव्हतं. एका पेशंटला श्वास घ्या म्हणाले आणि सोडा म्हणायचं विसरले. तो बिचारा लाल झाला. चौथ्या मजल्यावरून खबर नाही. मी म्हटलं फोन करते, तर म्हणाले नको. मंगळवारीही नको. पोटातली एकमेव फांदी ती. जोडताना अडली, गुठळी झाली, तर दुसरी नव्हती. बाईंचं पोटही गेलं असतं आणि छातीही. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे आम्ही दुसऱ्याच कशाकशावर बोलत होतो.

मंगळवारी दुपारी मीच न सांगता वर गेले. खिडकीजवळच्या पलंगावर बाई गुडघे उंच करून पडल्या होत्या, टाके ताणू नयेत म्हणून तसंच झोपवतात. चेहरा सुकलेला, पण डोळे जागे.

मी काय काय ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "ताई, तो पट्टा मी बांधला होता. त्यांनी नको म्हटलं होतं. मी भांडून बांधला."

"बांधा म्हणून मीच सांगितलं होतं ना," त्या हळू म्हणाल्या. मग गाऊन जरा बाजूला करून त्यांनी माझा हात धरला आणि छातीवर ठेवला. "बघा. गरम आहे की नाही?"

गरम होता. माझ्या हाताइतकाच. मी तडक खाली आले आणि सर्व्हेअरांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "चला."

"पेशंट आहेत, सिस्टर."

"दहा मिनिटं थांबतील. वाईट निघालेलं नाही, चला."

ते दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले, जमिनीकडे बघत. ज्या बाईच्या पोटातला मिलिमीटर न्‌ मिलिमीटर त्यांना पाठ होता, तिच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. बाई म्हणाल्या, "या की आत. तुमच्यापासून आता लपवण्यासारखं काय राहिलंय?"

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर तिच्या फेरीवर आली. दर तासाला तपासायचं असतं. तिने पेनासारखी एक कांडी काढली, टोकाला जेली लावली, आणि नव्या स्तनावर जिथे सर्जननी खुणेचा निळा टाका घातला होता तिथे टेकवली. कांडीला जोडलेल्या छोट्या डबीतून आधी नुसती खरखर आली, आणि मग आवाज आला. सूं. सूं. सूं. एकसारखा, दमदार.

सर्व्हेअरांनी मान वर केली. "हा आवाज त्या फांदीचाच?" त्यांनी विचारलं.

"तिचाच. तुमच्या कागदावरची," वॉर्डातली सिस्टर म्हणाली, आणि कांडी उचलून पुसायला लागली. तिला पुढे चार पलंग होते.

"अजून एकदा लावता का?"

"लावा हो," बाई म्हणाल्या. "मी दर तासाला ऐकतेय. त्यांनी नुसतं चित्रच पाहिलंय."

तिने पुन्हा लावली. सर्व्हेअर पलंगापर्यंत आले, कठड्याला धरून उभे राहिले आणि घड्याळाकडे बघत ऐकत राहिले. पूर्ण एक मिनिट झाल्यावर त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पहिल्यांदा पाहिलं.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "मिनिटाला ब्याऐंशी."